भाटकाराकडून आणलेल्या खुर्च्या

तुमच्या घराची पाहणी करायला परवा मामलेदार येणार असतील, तर आज तुम्ही काय कराल?

घर झाडाल. जमीन सारवाल. बसायला काही नसेल तर शेजारून मागून आणाल. यात तुमची चूक नाही. आमच्या पेडण्यात माणूस दारात येणार म्हटले की घर आवरायचे, मग तो देणारा असो की घेणारा. आम्हीही तेच केले, आणि त्या आवरण्यापायी आमचे घर जवळजवळ हातचे गेले होते.

हे घर पेडणे बाजारापासून अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. एका भाटकाराचे, म्हणजे बागायतीच्या मालकाचे, माडांचे आणि काजूंचे भाट आणि त्या भाटाच्या कोपऱ्यात आमच्या दोन खोल्या. भिंती मातीच्या, वर नळे, म्हणजे कौले. भिंती आजोबांनी स्वतः घातल्या, पण खालची जमीन भाटकाराची. गोव्यात अशा घरात राहणाऱ्याला मुंडकार म्हणतात. पोर्तुगीज होते तेव्हा मुंडकाराने भाटकाराच्या घरच्या कार्याला पाणी भरायचे, माडाखाली पडलेला नारळ उचलून त्याच्या अंगणात नेऊन टाकायचा, आणि त्याने ऊठ म्हटले की चूलबोळकी घेऊन उठायचे. मुक्तीनंतर कायदा आला. मुंडकाराला असे उठवता येणार नाही, त्याने मामलेदाराकडे अर्ज करून आपल्या घराची नोंद करून घ्यावी, असे त्यात होते. कायदा येऊन बरेच दिवस झाले तरी आमच्या वाड्यावर एकानेही अर्ज केला नव्हता. भाटकाराला काय वाटेल, हा एकच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता.

अर्ज करायचा हे माझ्या बाबांनी ठरवले. बाबा साखळीच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवायचे. कारापूरला चारपाच ड्रायव्हर मिळून एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. पिशवीत आम्हा भावंडांसाठी पाव असायचे, आणि पावांभोवती पत्रके. गोव्याच्या महाराष्ट्रात विलीनीकरणाची, खाणकामगारांच्या सभांची, कुळांच्या हक्कांची. पाव खाऊन झाले की पत्रक ज्याच्या हाती लागेल त्याचे. कागदावरचे तुपकट डाग उन्हात धरून मी अक्षरे लावायची. शाळेच्या पुस्तकातले ससे आणि कासवे मला आज आठवत नाहीत, पण 'बंधूंनो, किती दिवस सहन करणार?' हे वाक्य आणि त्यापुढचे ते भलेमोठे प्रश्नचिन्ह अजून डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी म्हापशाला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. बाबांना खाणीवरून रजा मिळेना, म्हणून अर्ज मी लिहिला आणि आईला घेऊन पेडण्याच्या मामलेदार कचेरीत गेले.

आई सावंतवाडीकडची, तिची बोली मालवणी. कचेरीच्या दारात पाऊल टाकल्याबरोबर तिचा आवाज निम्मा झाला. भिंतीला लागून एक बाकडे होते, रिकामे होते, पण ती त्यावर बसली नाही. शिपायाला तिने 'दादा' म्हणून हाक मारली, तो तिच्या भावाच्या मुलाएवढा असेल. त्याला म्हणाली, "जेवलात?" सकाळचे दहा वाजले होते. शिपाई हसला आणि म्हणाला, "मावशे, अजून च्या सुद्दां घेवंक ना." त्यावर तिने इतकी हळहळ व्यक्त केली की मला जमिनीत जावेसे वाटले. आम्ही आमच्या हक्कासाठी आलो होतो. शिपायाच्या चहाची चौकशी हक्काच्या कुठल्या कलमात बसते?

आमचा कागद ज्या क्लार्कच्या टेबलावर गेला तो पन्नाशीचा, अंगाने बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने अर्ज हातात घेतला आणि हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल असा वाचायला लागला. "शतकानुशतकांच्या सरंजामी जोखडाखाली पिचलेले आम्ही मुंडकार आज भीक नव्हे तर हक्क मागत आहोत..." दोन्ही पाने त्याने न थांबता वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाय, हें वाचून म्हज्या आंगार कांटो आयलो. पूण घराचो नंबर खंय?"

मी पाहिले. नंबर नव्हता.

"घराच्या चारूय वटांनी कितें आसा तें खंय? केन्नासावन रावतात तें? घरकाराचें नांव?"

बाबांचे नाव मी खाली सहीच्या जागी लिहिले होते. बाकी काहीच नव्हते. आई लगबगीने पुढे झाली. "साहेबांनू, रागावू नकात. चेडू ल्हान असा."

"मी लहान नाही," मी म्हणाले.

"ल्हान कशी? इतलीं व्हडलीं उतरां ल्हान मनशाक जमतात?" तो म्हणाला, आणि त्याने टेबलाच्या कडेचे फायलींचे गाठोडे उचलून खाली ठेवले, तेवढ्या जागेत एक कोरा कागद ठेवला आणि आपली शाईची दौत माझ्याकडे सरकवली. मी लिहीत होते, तो एकेक ओळ सांगत होता. उत्तरेला काय, पूर्वेला काय, घर कोणी बांधले, घरपट्टीची पावती आहे का, रेशनकार्ड कधीचे. बोलता बोलता कळले की तो मूळचा कारापूरचा, इथे बहिणीकडे राहून नोकरी करतो. बाबांची खोली त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर निघाली. आईचा चेहरा उजळला. शेवटी तो म्हणाला, "आतां सकयल तुमचें तें सरंजामी जोखड घालात. तें म्हाका आवडलें."

तो खरेच बोलतो आहे की टोमणा मारतो आहे, हे मला समजेना. मी जोखड घातले नाही. खाली नुसते 'आपली नम्र' लिहिले आणि बाहेर आल्यावर बसथांब्यापर्यंत आईशी बोलले नाही.

महिनाभराने भाटकाराचे म्हणणे आले. कज्जा लढवायची त्यांची पद्धत जुनी होती, सगळे काही शांतपणे आणि कागदावर. त्यांनी लिहिले होते की ती इमारत घर नसून नारळ ठेवण्याचे कोठार आहे, आणि ही माणसे राखणदार म्हणून अलीकडेच तिथे ठेवलेली आहेत. राखणदार म्हणून ठेवलेला माणूस मुंडकार ठरत नाही. म्हणजे हे म्हणणे मान्य झाले असते तर आमचा अर्ज तिथेच संपला असता, आणि मग आम्ही त्या घरात कोण? बाबांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि नेहमीप्रमाणे रविवारी दुपारच्या बसने खाणीवर गेले. घर जाणार असेल तर पगार तरी चालू राहिला पाहिजे, एवढेच ते म्हणाले.

मग नोटीस आली. मामलेदार स्वतः जागेवर येऊन पाहणी करणार होते, गुरुवारी सकाळी.

त्या दोन दिवसांत आमच्या घरात जे झाले ते गणपतीच्या चवथीलाही होत नसे. आईने दोन्ही खोल्या सारवल्या. पलीकडच्या घरातली काकी मदतीला आली. काकी म्हणजे नात्यातली नव्हे. त्याच भाटाच्या दुसऱ्या टोकाला तिचे एका खोलीचे घर होते. नवरा कधीच वारलेला, मूल नाही. भाटात काजू वेचायची, रानात लाकडे तोडायची आणि आमच्या आईच्या प्रत्येक बाळंतपणात शेक द्यायला हजर असायची. ती आणि आई अंगण चोपत होत्या, तेव्हा माझे लक्ष स्वयंपाकघराच्या भिंतीकडे गेले.

ती भिंत काळी होती. चुलीमागची सगळी भिंत, वर नळ्यांपर्यंत, धुराने काळी आणि चिकट. वीस-बावीस वर्षांचे पेजेचे, माशांच्या कढीचे, बाळंतिणीच्या पाण्याचे धूर तिथे बसलेले. मला त्या भिंतीची लाज वाटली. हे मी आज लिहिते, तेव्हा कबूल केले नसते. आईला वाटत होते की साहेबांचा मान राहिला पाहिजे. मला वाटत होते की साहेबांनी आम्हाला दरिद्री समजू नये. दोन्ही गोष्टी एकाच बादलीत कालवल्या गेल्या. चुना मी भिजवला. पहिला हात दिला, काळे वर आले. दुसरा दिला, पिवळे डाग उमटले. मी हट्टाला पेटले आणि पाच हात दिले. बुधवारी संध्याकाळी भिंत कचेरीच्या भिंतीसारखी पांढरी झाली होती.

त्याच संध्याकाळी आई आणि काकी भाटातून येताना दिसल्या. दोघींच्या डोक्यावर एकेक खुर्ची, उलटी. काळ्या लाकडाच्या, वेताने विणलेल्या, हातांच्या खुर्च्या.

"ह्या कुठल्या?"

"भाटकारणीन दिली," आई खुर्ची खाली ठेवत म्हणाली. आम्ही खुर्चीला कदेल म्हणतो. "साहेबांक कदेलार नको बसवूक? मी आपली साधी मागी होतंय. ती म्हणाली, कोण येतलो? मी म्हटलंय, मामलेदार. तर म्हणता, मगे हातांची व्हर."

मी आईकडे पाहत राहिले. "आई, मामलेदार कशाला येतात ठाऊक आहे ना? भाटकाराच्या विरुद्ध."

"म्हणान काय झाला? तिणा कदेल दिली, भाट खंय दिल्यान?" काकी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

"आणि दुसरी खुर्ची कशाला? मामलेदार एकच आहेत."

"भाटकारांचो कारभारीय येतलो मा?" आई म्हणाली.

"त्याला खुर्ची? आपल्याला घराबाहेर काढायला येणाऱ्याला?"

आईने पदराने खुर्चीवरची धूळ पुसली. "कोर्टात तेंका उभे कर, काय करूचा ता कर. माज्या दारात माणूस उभो रवाचो नाय."

मी त्यावर बरेच बोलले. लाचारी, गुलामीची सवय, चारशे वर्षांचा वाकलेला कणा, असे सगळे शब्द वापरले. आई ऐकत ऐकत तांदूळ निवडत होती. मी संपवल्यावर म्हणाली, "फाल्या सकाळी ता लाल पोलका घाल. ह्या नको, ह्येका चुनो लागलो हा."

गुरुवारी जीप रस्त्यावर थांबली आणि मामलेदार पायवाटेने चालत आले. सोबत कारापूरचा तो क्लार्क, काखेत फाईल. मागून भाटकाराचा कारभारी, हातात छत्री. कारभारी म्हातारा होता. माझ्या जन्माआधीपासून तोच नारळ मोजून घ्यायला यायचा, आणि आम्ही लहानपणी त्याच्या छत्रीखाली चाललेलो होतो. मामलेदार सासष्टीकडचे. त्यांची कोंकणी आमच्या कानांना पाहुणी वाटायची. आईने दोघांना खुर्च्यांवर बसवले आणि क्लार्कला ओट्यावर चटई घातली. शहाळी आली. मामलेदारांनी शहाळे दोन्ही हातांनी घेतले, ते मला आठवते.

कारभाऱ्याने शहाळे पिऊन संपवले, तोंड पुसले आणि कामाला सुरुवात केली.

"सायबा, तुमी बसल्यात तें कदेल पळयात. हेंय पळयात. भाटकारांच्या घरचीं. कोठाराक राखणो दवरला, ताका सामानूय भाटकारच दितात."

आईच्या हातातला पेला तसाच राहिला. मामलेदारांनी खुर्चीच्या हाताकडे पाहिले, मग आईकडे. "खरें?"

खोटे बोलायचे आईच्या मनातही आले नाही. "होय, साहेबांनू. काल हाडलंय. तुमका बसूक."

मामलेदार उठले. खुर्ची त्यांनी स्वतः उचलून बाजूला भिंतीला लावली आणि येऊन क्लार्कच्या शेजारी ओट्यावर बसले. आई कळवळली. "साहेबांनू, थंय नकात, थंय सारवलेला ओला असा."

"जाता," ते म्हणाले, म्हणजे चालेल. विजारीला शेण लागले असणार. मग त्यांनी विचारले, "घरांत वचूं?"

एका मामलेदाराने माझ्या आईला तिच्या घरात जाण्याची परवानगी मागितली. असे वाक्य मी एकाही पत्रकात वाचले नव्हते. दारात त्यांनी बूट काढले. मोज्यांनी स्वयंपाकघरात गेले, चुलीपुढे उभे राहिले आणि भिंतीकडे पाहत राहिले. कारभारीही मागे आला होता.

"पळयात, सायबा. नवी भिंत. हांगा रांदप केन्ना जातालें?"

"चुनो केन्ना काडला?" मामलेदारांनी विचारले.

"काल," मी म्हणाले.

"कित्याक?"

"तुम्ही येणार म्हणून."

त्यांनी चुन्यावरून बोट फिरवले. तेव्हा मला सगळे कळले. आम्ही इथे वर्षानुवर्षे राहिलो, शिजवले, जेवलो, याचा सगळ्यांत मोठा कागद ती भिंत होती, आणि मी पाच हात देऊन तो पुसला होता. मग माझे तोंड सुटले. घाबरले की मी भाषण करते, ही माझी जुनी खोड. कायदा कोणासाठी केला, गरिबाने घर स्वच्छ ठेवले तर तो गुन्हा का, सरकार कोणाच्या बाजूने आहे. मामलेदार ऐकून घेत होते. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा आई म्हणाली, "साहेबांनू, ती बरोबर बोलता. पण जरा मोठ्यान बोलता."

क्लार्क खोकला. केलेले काम खराब होईल या संकोचाने मामलेदारांनी आईला विचारले, "हो चुनो मातसो खरवडलो जाल्यार चलत? तुमचें काम पाड जातलें."

"तुमी नकात, कपडे पांढरे होतले," आई म्हणाली. तिने कोनाड्यातली करवंटी घेतली आणि ठेवणीतले लुगडे नेसलेली ती भिंतीला भिडली. माझा चुना पापुद्र्यापापुद्र्याने खाली पडला. आत काळे, चकचकीत, बोटभर जाड. मला इतके हायसे वाटले की रडू येईल असे झाले.

पण कारभारी जुना माणूस. "धुंवर काय, सायबा, एका वर्साक जाता."

हे तो आमच्याकडे न बघता बोलला. मामलेदारांनी मान हलवली. खरे होते. धुरावर तारीख लिहिलेली नसते. क्लार्कने काहीतरी लिहायला सुरुवात केली आणि मला त्याच्या लेखणीची भीती वाटली.

काकी तोवर मागच्या दारात उभी होती. साहेब घरात असताना बायकामाणसाने मध्ये बोलू नये, म्हणून तोंडावर पदर धरून. ती एकदम म्हणाली, "साहेबांनू, ही व्हकल होऊन इली, त्या दिवशी ह्याच चुलीर मी भात शिजवलंय. ह्या कारभाऱ्यांकाच विचारा. तीनदा भात मागून घेतलेले तेनी."

कारभारी गर्रकन वळला. "तीनदां खंय गे? करपल्लो तुजो भात. एकदांच घेतल्लो हांवें, तोय मान दवरूंक."

बाहेर कोंबडी ओरडत होती. क्लार्कने लेखणी कागदावर टेकवली आणि अगदी अदबीने विचारले, "एकदांच न्ही? बरयतां."

मामलेदार हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. "तें लग्न केन्नाचें?" त्यांनी कारभाऱ्याला विचारले. कारभारी छत्रीच्या मुठीकडे पाहत राहिला. खोटे आता सांगता येत नव्हते, आणि मला वाटते त्याला ते सांगायचेही नव्हते. नोकरीपोटी सांगायला आला होता तेवढे सांगून झाले होते. "पुर्तुगेज आसतना," तो म्हणाला. "हिच्या सासऱ्यान आपणें बांदल्लें घर. हांव कितें सांगूं, सायबा. भाटकारांनी सांगलें तें सांगलें."

क्लार्कने लिहिले, वाचून दाखवले, आणि कारभाऱ्याने सही केली. मी काकीला मिठी मारली. आई मात्र रागावली होती. सगळे गेल्यावर ती काकीला म्हणाली, "आपल्या घरात इलेल्या माणसाची फजिती केलंस. तेंका भाटकार आता काय म्हणतले?" आणि खुर्च्या परत द्यायला गेली तेव्हा कारभाऱ्यासाठी चार शहाळी घेऊन गेली.

नोंद झाली. हुकुमाची प्रत आणायला आम्ही पुन्हा पेडण्याला गेलो तेव्हा आईच्या पिशवीत तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, होती, श्रावणातली, लांब आणि कोवळी. बसमध्ये आमचे पुन्हा वाजले. मी म्हणाले, ही लाच आहे. ती म्हणाली, काम झाल्यावर देतात ती लाच कशी? मी म्हणाले, पुढच्याला वाटेल की तवशाशिवाय काम होत नाही. यावर तिच्याकडे उत्तर नव्हते, पण तवशी होती. क्लार्कने ती घेतली, शिपायाकडून सुरी आणि मीठ मागवले, तिथेच चिरली आणि बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना वाटली. एक फोड मला दिली. "पत्रकां बरयतल्यांनी तवशें खावप मना आसा?" मी खाल्ली. तसे तवसे मी नंतर खाल्लेले नाही.

तो क्लार्क पुढे निवृत्त झाला. कचेरीची ती जुनी बैठक गेली. आता काच आहे, काचेला हाताएवढे भोक आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला त्या भोकातून बोलायचे तर वाकावेच लागते. काचेवर सूचना चिकटवलेली आहे की कर्मचाऱ्यांशी सौजन्याने वागावे. ती बाहेरच्या बाजूने वाचता येते. आतल्या बाजूला काय लिहिले आहे, हे मी वाकून पाहिले. काही नाही.

मला कोणी विचारते की त्या दिवशी घर कशाने वाचले, तर मी आईच्या खुर्च्यांनी असे सांगत नाही. तसे सांगणे सोपे आणि खोटे आहे. घर कायद्याने वाचले, आणि तो कायदा यावा म्हणून ज्यांनी पत्रके छापली आणि पावांसोबत घरोघर पोचवली, त्यांच्यामुळे वाचले. पण खुर्चीवर बसून शहाळे प्यायलेल्या म्हाताऱ्याला, काकीने भाताची आठवण काढली तेव्हा, खोटे बोलवले नाही, हेही मी डोळ्यांनी पाहिले. दोन्ही गोष्टी मला सोबत वागवाव्या लागतात. त्या एकमेकींशी भांडतात.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

मी साखळीला शाळेत नोकरीला लागले. सुट्टीच्या दिवशी पत्रके लिहायची. 'मुंडकारांनो, नोंद करा' हे माझेच. आता त्यात घर नंबर, चतुःसीमा, कोणती कागदपत्रे, सगळे असायचे. ही कारापूरच्या त्या क्लार्कची शिकवण. डिचोलीच्या बाजारात, पेडण्याच्या बसथांब्यावर मी ती हाताने वाटली. एकदा घरी गेले तेव्हा काकीकडे डोकावले. तिच्या फळीवर, डब्यांखाली, माझे पत्रक नीट कापून अंथरलेले होते. ती मोठ्या कौतुकाने म्हणाली, "तुजो कागद. तुज्या आवशीकडसून हाडलंय. बरो जाड असा." तिला वाचता येत नव्हते, हे मला जन्मापासून माहीत होते. मी हसले, तिने केलेला चहा प्यायले आणि संध्याकाळच्या बसने साखळीला परतले. तिला तो वाचून दाखवला नाही. तिचा अर्ज झाला आहे का, हे विचारले नाही. सगळीकडचे मुंडकार माझ्या डोळ्यांपुढे होते, आणि ही तर आमचीच काकी होती.

पुढे भाटकाराने भाट विकले. त्या चवथीला घरी गेले तेव्हा काकीच्या दाराला कुलूप होते. आईने सांगितले ते ऐकून मी रात्रीचे जेवले नाही. नव्या मालकाचा माणूस आला होता. तरुण, गोड बोलणारा. काकीला 'मावशी' म्हणाला, जमिनीवर मांडी घालून बसला, तिने दिलेली भाकरी खाल्ली. मग एक कागद काढला आणि तिने अंगठा दिला. घर आपण होऊन सोडत आहे असे त्या कागदात होते. दोन साक्षीदार तो सोबत घेऊनच आला होता.

ती भावाकडे गेली होती, सावंतवाडीच्या अलीकडे एका गावात. मी तिथे गेले. भावाच्या पडवीत तिला एक कोपरा दिलेला होता. मी चिडून विचारले, कसला कागद आहे ते न विचारता अंगठा का दिलास?

"घरी इल्लो गे माणूस," ती म्हणाली. "माका मावशी म्हणा होतो. माजी भाकरी खाल्ल्यान. तेका नको कसा म्हणू?"

"मला तरी विचारायचे होतेस."

"इचारूचा होता. पण तू शाळेतली. तुजो वेळ कित्याक मोडू?"

मी तिला मामलेदारांकडे नेण्यासाठी खूप समजावले. दाद मागता येते, फसवून घेतलेला अंगठा मोडता येतो, मी सगळे लिहीन. तिने प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवली. दिलेला अंगठा आता मागे कसा घेऊ, म्हणाली. आमच्या घरासाठी जी मामलेदारांपुढे पदराआडून बोलली, ती स्वतःच्या घरासाठी बोलायला तयार होईना. दोन वर्षांनी ती त्याच पडवीत वारली. तिच्या घराच्या जागी आता कुंपण आहे.

ती मला विचारायला संकोचली, यात तिचा दोष नाही. तिला तसेच वाढवले होते. मला विचारता आले असते, आणि मी विचारले नाही. एवढे मी स्वतःला माफ केलेले नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते, आणि ते याच आठवड्यात करा. तुमच्या वाड्यावर अशी एखादी काकी असेल, भाटाच्या त्या टोकाला, एकटी, तुमच्या अडीअडचणीला धावून येणारी. ती तुमच्याकडे कधीच काही मागणार नाही. तुम्ही तिच्याकडे जा. चहा देईल तो प्या, आणि मग विचारा की काकी, तुझे घर कोणाच्या नावावर आहे? कागद असेल तर तिच्याशेजारी बसून तिला समजेपर्यंत वाचा. नसेल तर तिथेच अर्ज लिहा, घराचा नंबर घालून, आणि दुसऱ्या दिवशी तिला हाताला धरून कचेरीत घेऊन जा.